सर्व संबंधितांनी संयम बाळगावा

परवा दुपारी टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. कुठल्याशा देशांच्या संघाची बैठक होती. रांगेत झेंडे, झेंड्यांपुढे रांगेत माणसं, सगळ्यांनी हातांची फुली करून एकमेकांचे हात धरलेले आणि चेहऱ्यावर फोटोपुरतं हसू. त्या भागात दोन बड्या देशांची तणातणी चाललेली आणि यांच्यातल्याच एका देशाच्या होड्यांना भर समुद्रात कोणीतरी हुसकावून लावलेलं. कोणी, ते सगळ्या जगाला माहीत. खाली पट्टी फिरत होती, ‘सर्व संबंधितांनी संयम बाळगावा.’

मी वांगी चिरत होते. सुरी खाली ठेवली, उठले आणि टीव्ही बंद केला. आमचे हे म्हणाले, "अगं, बघत होतो ना मी!" मी पुन्हा सुरी उचलली.

ते वाक्य मी लिहिलंय. अगदी तेच. स्वतःच्या अक्षरात, कॉलेजच्या कागदावर, आणि तेही ज्या माणसाने मला ते लिहायला शिकवलं त्याच्याच बाबतीत. अजूनही हे खरं वाटत नाही मला. रोज भाजी चिरते, मुलांना नद्या शिकवते, जळगावहून पॅसेंजरने नरडाण्याला जाते आणि येते. आणि मधूनच आठवतं की अरे, हे आपण केलंय.

बाविस्कर सर आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. नरडाण्यापासून थोड्या अंतरावर आमचं कॉलेज आहे, नाव सांगत नाही. सर मूळचे साक्रीकडच्या एका डोंगराळ गावचे. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक लाल पेन्सिल. ही लाल पेन्सिल फक्त वर्तमानपत्रासाठी. सकाळी ग्रंथालयात पेपर आला की सर परदेशच्या बातम्यांचं पान काढायचे आणि एखाद्या संघाचं, परिषदेचं निवेदन छापलेलं असलं की त्याच्या कडेने रेघा मारायचे. ग्रंथपाल ओरडायचा. सर म्हणायचे, "बातमी काय छापलीय ते सगळे वाचतात हो. निवेदनात कोणाचं नाव नाही, ते आधी शोधायचं." हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं आवडतं वाक्य, "घाई कोणाला आहे?" हे ते कुठेही म्हणायचे. बस सुटत असतानासुद्धा.

त्यांचा विषय म्हणजे लहान देशांचे संघ. दोन हत्ती भांडत असले की मधल्यांनी काय करायचं, एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी आयुष्य काढलं. आणि तो प्रश्न शिकवायची तऱ्हा तर विचारूच नका! तिसऱ्या वर्षाच्या वर्गात प्रत्येक मुलाला जूनमध्ये एकेक देश मिळायचा, तो वर्षभर. हजेरी देशाच्या नावाने. "इंडोनेशिया?" "उपस्थित!" "व्हिएतनाम?" "उपस्थित!" "फिलिपिन्स?" "सर, तो कापूस वेचायला गेला." आमच्या शिंदखेड्याच्या पोरांना आपल्या तालुक्यातली गावं धड सांगता यायची नाहीत, पण मलाक्काची सामुद्रधुनी कुठे ते झोपेतून उठवून विचारा. नकाशा माझ्या विभागाचा. भिंतीवर टांगायचा मोठा, कापडी. सरांनी तो "आठवडाभरासाठी" म्हणून नेला आणि मग तो त्यांच्याच वर्गात राहिला. त्यावर त्यांनी रंगीत लोकरीचे धागे टाचणीने लावले होते, एकेका संघाचा एकेक रंग. मी दरवर्षी भांडायचे. ते दरवर्षी म्हणायचे, "ताई, घाई कोणाला आहे?"

मी एकदा मागच्या बाकावर जाऊन बसले होते. त्या दिवशी सर निरनिराळ्या संघांची रीत समजावत होते. म्हणाले, युरोपवाल्यांनी एक छत्री धरलीय, एकाला मारलं तर सगळ्यांना मारलं असं समजायचं. पण छत्रीचा दांडा बड्याच्या हातात, त्याने हात काढला की बसा भिजत. आफ्रिकेतल्या देशांनी निदान कागदावर लिहून ठेवलंय, की सदस्याच्या घरात कत्तल चालली असेल तर बाकीच्यांनी आत जायचं. आपल्या दक्षिण आशियात खुर्च्या मांडून ठेवल्यात, बसायला कोणी येत नाही. आणि आग्नेय आशियातल्यांची तऱ्हा वेगळीच. ते कोणाच्या घरात डोकावत नाहीत. सगळे हो म्हटल्याशिवाय काही ठरवत नाहीत. आणि दोन्ही हत्तींना आपल्याच अंगणात चहाला बोलावतात. "चहा पीत असेपर्यंत हत्ती तुडवत नाही," सर म्हणाले. वर्ग हसला.

तेव्हा केनिया उभी राहिली. केनिया म्हणजे साक्रीकडचीच एक मुलगी, काळीसावळी, भारी धीट. म्हणाली, "सर, पण त्यांच्यातल्याच एकाला मार पडला तर?"

"तर निवेदन काढतात. चिंता व्यक्त करतात."

"कोणी मारलं ते लिहितात?"

"शक्यतो नाही. एकाने जरी ‘नाव नको’ म्हटलं तरी नाव घालता येत नाही. एका वर्षी तर असं झालं की एकाने हट्ट धरला आणि निवेदनच निघालं नाही."

"मग ज्याला मार पडला त्याला त्या निवेदनाचा काय उपयोग?"

सरांनी लाल पेन्सिल बोटांत फिरवली. म्हणाले, "त्याला नाही. पण बाकीचे शाबूत राहतात. संघ टिकला तर पुढच्या वेळी त्यालाही आधार." केनिया खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. माझं झालं होतं. खोटं कशाला सांगू, मला सर फार शहाणे वाटले त्या दिवशी.

त्याला कारणही होतं. आमच्या कॉलेजातही दोन हत्ती होते.

संस्थेचे अध्यक्ष गावातल्या बंगल्यात राहायचे आणि सचिव नदीकडच्या मळ्यात. दोघे चुलतभाऊ आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. सगळं कॉलेज या दोघांत वाटलेलं, कॉमर्स बंगल्याचं, सायन्स मळ्याचं. कोणी नवीन आलं की पहिल्या आठवड्यात विचारणा व्हायची, तुम्ही बंगल्याचे की मळ्याचे? आमचे शिपाई सुकलाल नाना तर चहाचे कपसुद्धा वेगळे ठेवायचे. कोणाचं वेळापत्रक मोडायचं, कोणाला परीक्षेच्या कामाला जुंपायचं, कोणाची बढतीची फाईल कपाटात कुजवायची, हे सगळं बंगला-मळा बघून ठरायचं.

या सगळ्यात आम्ही चौघे एकेकटे होतो. राज्यशास्त्र, भूगोल, हिंदी आणि तत्त्वज्ञान, असे एकेका शिक्षकाचे विभाग. पूर्वी प्रयोगशाळेचं सामान ठेवायचे ती खोली आम्हा चौघांना मिळून दिलेली. आमच्या मागे ना विद्यार्थ्यांची गर्दी ना कोणाचा वशिला. आम्हाला कोणीही तुडवावं. मी नोकरीला लागले त्याच वर्षी सरांनी या खोलीचा संघ केला. खरंच केला हो! वहीत नियम लिहिले. नियम एक, कोणीही एकट्याने कुठल्याही गटाच्या कागदावर सही करायची नाही. नियम दोन, चौघे हो म्हणतील तेच ठरेल. नियम तीन, आपण कोणाचं नाव घेऊन बोलायचं नाही. बैठकीत सर आम्हाला विभागाच्या नावाने हाक मारायचे. "भूगोल, आपलं मत? तत्त्वज्ञान, आपल्याला काही आक्षेप?" तत्त्वज्ञानवाले गृहस्थ वयाने मोठे, अर्धे डोळे मिटून बसायचे. ते म्हणायचे, "आक्षेप असा काही नाही, पण प्रश्न आहेत." बैठकीला कोणी आलं नाही तरी सर त्याची खुर्ची हलवू द्यायचे नाहीत. "आज नाही आला, उद्या येईल. खुर्ची काढली की माणूस कायमचा जातो." कॉलेजात सगळे त्यांना ‘सरचिटणीस’ म्हणायचे, टिंगलीने. त्यांना ते मनापासून आवडायचं.

खानदेशात थंडी पडली की शेतात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. आमच्याकडे भरीत म्हणजे नुसतं जेवण नाही. कोणाच्या शेतात भरीत खाल्लं यावरून माणूस कोणाचा ते ठरतं. त्या वर्षी मळ्याने आणि बंगल्याने मुद्दाम एकाच रविवारी पार्टी ठेवली. आता कुठे जाल? मळ्यात गेलात तर बंगला गेला. घरी बसलात तर दोन्ही गेले. स्टाफरूममध्ये लोकांच्या तोंडचं पाणी पळालेलं. सरांनी बैठक बोलावली. दीड तास चर्चा. ठरलं असं, की चौघांनी मिळून, एकाच रिक्षातून, दोन्हीकडे जायचं. मळ्यात अर्धं जेवायचं आणि बंगल्याच्या शेतात अर्धं.

तो दिवस आठवला की अजून हसू येतं. मळ्यात सचिव स्वतः पानात भरीत वाढायला आले. सर म्हणाले, "अण्णासाहेब, थोडंच. अजून एकीकडे जायचंय." सचिवांचा हात पळीसकट वरच राहिला. बंगल्याच्या शेतात पोचलो तर अध्यक्ष म्हणाले, "काय सरचिटणीस, तिकडून हात पुसून आलात?" सर म्हणाले, "हात धुवून आलो साहेब. पुसून आलो असतो तर वास राहिला असता." अध्यक्षही हसले. दोन्हीकडे कळण्याच्या पुऱ्या खाऊन तत्त्वज्ञानवाल्यांना संध्याकाळी सोडा घ्यावा लागला. पण आम्ही कोणाचेच झालो नाही. सुकलाल नाना मला म्हणाले, "ताई, हाऊ माणूस दोन्ही कडे जेवस, मंग कोनाना शे?" मी म्हटलं, "आमचा आहे नाना." केवढ्या तोऱ्यात म्हटलं होतं मी ते.

पुढच्या वर्षी सरांनी आमच्या खोलीतर्फे भरीत ठेवलं आणि बंगल्याला आणि मळ्याला एकाच पंगतीला बसवलं. ते चुलतभाऊ किती तरी वर्षांनी शेजारी शेजारी जेवले. एकमेकांशी बोलले नाहीत, पण मिरचीचा ठेचा एकाने दुसऱ्याकडे सरकवला. सरांनी मला कोपर मारून दाखवलं. पोरासारखे खूष झाले होते.

आणि नियम एकने मला वाचवलं, हेही सांगायलाच हवं. मळ्याच्या एका माणसाने प्राचार्यांविरुद्धचा तक्रारअर्ज माझ्यापुढे ठेवला होता. मजकूर खोटा, पण सही केली नाही तर माझी बढतीची फाईल अडकणार हे तो तोंडावर म्हणाला. माझी बोबडी वळली. मी कसंबसं म्हटलं, "मी एकटी सही करत नाही. आमच्या चौघांना विचारते." त्याने नाद सोडला. चौघांना कोण समजावत बसणार! त्या दिवशी जळगावच्या गाडीत बसले तेव्हा मला सरांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

आता जे झालं ते सांगते.

विद्यापीठाची परीक्षा चालू होती. सात नंबरची खोली मोठी, म्हणून दोन पर्यवेक्षक, पुढे बाविस्कर सर आणि मागे मी. पेपर सुरू होऊन तास झाला असेल. मळ्याचा पुतण्या, म्हणजे सचिवांच्या सख्ख्या भावाचा मुलगा, तिसऱ्या रांगेत होता. दांडगा, पंचविशीतला बाप्या, मुलगा कसला! सरांनी त्याच्या पॅडखालून कागद काढला. शांतपणे. "उठा, आणि उत्तरपत्रिका द्या," एवढंच म्हणाले. त्याला अहोजाहो केलं. तो उठला आणि त्याने सरांच्या छातीला हात लावून ढकललं. सर फळ्यावर आदळले, चष्मा पडला. सरांनी चष्मा उचलला, डोळ्यांवर लावला, आणि त्या कागदावर तारीख आणि वेळ लिहिली. हात उचलला नाही. बोट लावलं नाही. मी बारा पावलांवर उभी होते. डोळ्यांनी बघितलं.

दोन दिवसांनी सरांना नोटीस आली. परीक्षागृहात विद्यार्थ्याला मारहाण केल्याबद्दल निलंबित का करू नये? पुतण्याच्या कानाला पट्टी आणि सोबत डॉक्टरचा दाखला. खोलीतल्या तीन मुलांनी लिहून दिलेलं, की सरांनी कानशिलात मारली.

मी नोटीस वाचली. असं धडधडीत खोटं कोणी लिहू शकतं? लिहू शकतं. सह्यांसकट.

सरांना निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. बंगल्याकडून निरोप आला. अध्यक्षांनी स्वतः बोलावून सांगितलं, सचिवांनी परीक्षेत कसे कसे गैरप्रकार चालवलेत ते लिहून द्या, आजपासून तुम्ही आमचे, बघतो कोण हात लावतं. म्हणजे छत्री तयार होती. नुसतं खाली जाऊन उभं राहायचं होतं. सर आम्हाला म्हणाले, "मी नाही म्हणून सांगितलं. एकदा बंगल्यात शिरलो की आपली खोली संपली. आणि मला गरज काय? माझे तीन देश आहेत की. एक तर प्रत्यक्ष हजर होता." आणि माझ्याकडे बघून हसले. चष्म्याच्या काचेला तडा गेलेला तसाच होता.

सरांनी साक्षीला आमच्या खोलीचंच नाव दिलं, म्हणून चौकशी समितीने आमचं लेखी म्हणणं मागवलं. आम्ही तिघे बसलो. सर नियमाप्रमाणे बाहेर थांबले. ज्याचा विषय त्याने बैठकीत नसायचं, असा त्यांचाच दंडक. त्यांची खुर्ची मात्र जागेवर होती. मी म्हटलं, "लिहायचं काय त्यात? मी पाहिलंय. सरांनी मारलं नाही, त्याने सरांना ढकललं."

हिंदीवाले खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "भूगोल, नाव नको."

"म्हणजे?"

"कोणाचंच नाव नको. नियम तीन."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. महिनाभर ते मळ्याच्या गाडीतून धुळ्याला जात होते. उपप्राचार्याची जागा रिकामी होत होती. मी चिडले. म्हटलं, "अहो, नियम त्यांनीच केलेत, त्यांच्यावरच उलटवता?" ते म्हणाले, "चौघे हो म्हणतील तेच ठरेल हेही त्यांनीच केलंय. माझा आक्षेप आहे." तत्त्वज्ञानवाल्यांनी डोळे पूर्ण मिटले. म्हणाले, "एकमत होईल असं काहीतरी लिहा ताई. निवेदनच गेलं नाही तर संघ मोडला असं होईल."

"मग मी एकटी लिहून देते," मी म्हटलं.

"नियम एक," हिंदीवाले म्हणाले. आणि हळूच पुढे म्हणाले, "तुमची फाईल अजून मळ्याच्याच कपाटात आहे ना?"

बस. एवढंच पुरलं. मला भीती वाटली हो. आज बारा कारणं सांगू शकते, पण खरं कारण एवढंच. आणि त्या भीतीला पांघरायला सरांचाच नियम हाताशी होता. मी पेन उचललं. सरांनी शिकवलेली भाषा पेनातून आपोआप उतरली. ‘परीक्षागृहात घडलेल्या घटनेबद्दल आम्ही तीव्र चिंता व्यक्त करतो. संस्थेची शांतता व प्रतिष्ठा अबाधित राहावी अशी आमची भूमिका आहे. सर्व संबंधितांनी संयम बाळगावा.’ तिघांनी सह्या केल्या. नाना चहा घेऊन आले आणि सरांच्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "ताई, हाई खुर्ची काढी लेऊ का?" मी त्यांच्यावर उगाच खेकसले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये चौकशी. समितीचे तीन जण, एका बाजूला सर, दाराशी मी. निवेदन माझ्या अक्षरात, म्हणून मीच वाचायचं ठरलं. सर ताठ बसले होते. परीक्षेला बसलेल्या मुलाचा निकाल लागणार असावा तसा चेहरा. मला बघून त्यांनी मान हलवली. करा सुरुवात, अशी.

मी वाचलं. तीनच वाक्यं. पहिल्या वाक्याला त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. दुसऱ्याला त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली, सवयीने. तिसरं संपलं तेव्हा ती पेन्सिल हातात तशीच राहिली. ते पुढच्या वाक्याची वाट बघत होते. पुढचं वाक्य नव्हतं.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाविस्कर, तुम्हाला काही विचारायचंय?"

सर उठले. वर्गात हजेरी घेतात त्याच आवाजात म्हणाले, "खोली नंबर सात. भूगोल?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "उपस्थित."

"काय पाहिलंत, मॅडम?" समितीने विचारलं.

देवाशपथ सांगते, वाक्य जिभेवर होतं. तीन शब्द तर होते. सरांनी मारलं नाही. मी हातातल्या कागदाकडे बघितलं आणि म्हटलं, "निवेदनात आहे तेच."

सर खाली बसले. रागावले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघत राहिले, एखाद्या देशाचं नाव नकाशावर सापडत नसावं तसं. मी बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या नळाखाली तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं.

निलंबन झालं. त्याच अवस्थेत ते निवृत्त झाले आणि साक्रीकडे गावी गेले. प्रकरण अजून कुठल्याशा टेबलावर आहे. हिंदीवाले उपप्राचार्य झाले. माझी फाईलही निघाली. ती का निघाली, हे आमच्या ह्यांनासुद्धा मी सांगितलेलं नाही.

शेवटचे दिसले ते नरडाणा स्टेशनवर, निलंबनाचा आदेश निघाला त्याच आठवड्यात. दुपारची वेळ. मी जळगावच्या पॅसेंजरसाठी थांबले होते. सर फलाटावरून चालत आले, खांद्यावर लांब गुंडाळी. मला बघून पळून जावंसं वाटलं. पण फलाटावरून पळणार कुठे?

"ताई, तुमच्या विभागाचा नकाशा," ते म्हणाले. "चार्ज द्यायचा राहिला होता. धागे काढलेत. टाचण्यांची भोकं मात्र राहिली, त्याला इलाज नाही."

मी गुंडाळी घेतली. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "निवेदन चांगलं लिहिलं होतंत. कुठे बोट ठेवायला जागा नाही." मी रडायला लागले तर म्हणाले, "नाही नाही, खरंच. तीस वर्षं मी ही निवेदनं वाचली, वर्गात शिकवली, लाल रेघा मारल्या. पण ज्याच्यावर वेळ आलीय त्याच्या खुर्चीत बसून कधी ऐकलं नव्हतं. केनियाने विचारलं होतं, आठवतं? मी तिला चुकीचं उत्तर दिलं. ती कुठे भेटली तर सांगा."

तेव्हा मला तोंड फुटलं. इतक्या दिवसांनी, भर फलाटावर, मोठ्याने. "सर, मी पाहिलं होतं हो! तुम्ही त्याला हात लावला नाही. त्यानेच तुम्हाला ढकललं!" बाकड्यावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

सर म्हणाले, "मला माहीत आहे ताई. मी तिथे होतो."

गाडी आली. मी नकाशा कवटाळून चढले. खिडकीतून बघितलं तर सर त्या बाकड्याकडे गेले होते. बायका गाडीत चढल्यामुळे बाकडं पूर्ण रिकामं होतं, तरी ते अगदी एका टोकाला बसले, शेजारी कोणी यायचं असावं तशी जागा सोडून.